हरकत आढळली नाही

टोपीच्या आतल्या बाजूला धातूची चोवीस बटणं होती आणि सातव्या बटणाच्या कडेला एक केस अडकला होता. हेमांगीने तो नखाने हलकेच सोडवून उजेडात धरला. टोकाकडे मेंदीने लाल, मुळाकडचा दोनेक सेंटिमीटर भाग पांढरा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे या बाईने दोन महिन्यांत मेंदी लावली नव्हती. मुळाशी पांढुरकं आवरण शिल्लक होतं. केस आपोआप गळलेला नव्हता, ओढला गेला होता.

एकवीस वर्षं रक्तपेढीत काचपट्ट्या बघितल्यावर असल्या गोष्टी नजरेतून सुटत नाहीत.

"पुसायची राहिली वाटतं," ती म्हणाली.

"द्या इकडं. सकाळपासून चौदा जणी झाल्या," यंत्रापलीकडे बसलेल्या मुल्ला मॅडम म्हणाल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, समोर निवलेला चहा.

"राहू दे, काही हरकत नाही."

मुल्ला मॅडम एकदम हसल्या. "बाई, जगात कुठंही म्हणा, पण या खोलीत हे वाक्य म्हणू नका."

हेमांगीही हसली. नोंदणी भवनातल्या त्या काचेपलीकडच्या बाकावर बसलेल्या सुदर्शनने, तिच्या नवऱ्याने, अंगठा उंचावून 'सगळं ठीक?' अशी खूण केली. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. त्यात खरेदीखत होतं, आणि खरेदीखताच्या खाली आणखी एक कागद.

सहा वर्षांपूर्वी सरकारने मोठी घोषणा केली होती. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क पूर्ण माफ. पूर्वी सवलत एका टक्क्याची होती, आता अख्ख्या सात टक्क्यांची झाली. पहिल्या वर्षी भाषणं झाली, किल्ली हातात घेतलेल्या बायकांचे फोटो छापून आले. तिसऱ्या वर्षी नोंदवलेल्या शंभर घरांतली एक्याण्णव बायकांच्या नावावर होती, आणि त्या घरांमध्ये काहीही बदललेलं नव्हतं. भाडेकरू कोण ठेवायचा, कर्ज कधी काढायचं, विकायचं की नाही, हे पूर्वी जे ठरवायचे तेच ठरवत होते. बदलली होती फक्त सरकारी तिजोरी. मग सरकारला राग आला. तो बायकांचा आला.

यंत्र त्या रागातून आलं.

ते मालकी मोजायचं नाही. मालकी मेंदूत नेमकी कुठे असते हे कुणालाच ठाऊक नाही. पण चुकीचं वाक्य वाचल्यावर मेंदू काय करतो, हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. 'मी चहात दोन चमचे मीठ घातलं' हे वाक्य घ्या. 'मीठ' या शब्दावर नजर गेल्यापासून सेकंदाच्या चार दशांशात डोक्याच्या कातडीवरचा विद्युतदाब किंचित ढळतो, व्होल्टच्या काही दशलक्षांशाने. वाचणाऱ्याने विचार करायच्या आत त्याच्या मेंदूने म्हटलेलं असतं, छे, असं नाही. हे लपवता येत नाही आणि ओढूनताणून आणताही येत नाही. एकाच वाक्याने उठलेला तरंग बाकीच्या गलबल्यात बुडून जातो, म्हणून तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत चाळीस वेळा दाखवायची आणि सरासरी काढायची.

खात्याने त्याला नाव दिलं हरकत-चाचणी. बाईला वाक्य दाखवायचं, हे घर तुमच्या नवऱ्याचं आहे. तिच्या मेंदूने हरकत घेतली तर घर तिचं आणि शुल्क माफ. नाही घेतली तर घर नवऱ्याचं आणि सवलत रद्द. पंधरा दिवसांनी एकच फेरचाचणी. तीही गेली तर पूर्ण शुल्क आणि तेवढाच दंड. दंड बाईच्या नावावर, कारण खोटी सवलत मागणारी अर्जदार तीच.

"आधी तुमच्या हक्काच्या वस्तूंवर यंत्र जुळवून घेते," टोपी हेमांगीच्या डोक्यावर बसवत मुल्ला मॅडम म्हणाल्या. "तुमचा तरंग दिसतो कसा, ते यंत्राला कळायला हवं. पाच वस्तू फॉर्मवर लिहिल्यात ना?"

लिहिल्या होत्या. सुदर्शनने, बाकावर बसून, त्याच्या टपोऱ्या अक्षरात: मंगळसूत्र, स्कूटर, फ्रिज, शिलाई मशीन, मोबाइल.

पडद्यावर वाक्यं येऊ लागली. ही स्कूटर सुदर्शन मगदूम यांची आहे. हा फ्रिज सुदर्शन मगदूम यांच्या मालकीचा आहे. हेमांगी वाचत होती. मॅडमच्या बाजूच्या पडद्यावर हिरवी रेघ सरळ चालली होती, सुताने आखल्यासारखी. मंगळसूत्रालाही ती हलली नाही. मोबाइलला एक बारीकसा उंचवटा आला आणि विरला.

मुल्ला मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "असं नाही जुळायचं. तुमची अशी एखादी वस्तू सांगा बाई. काहीही."

हेमांगीने विचार केला. विचार करायला वेळ लागतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ते तिला आवडलं नाही.

"तीन नंबरचा मायक्रोस्कोप," ती म्हणाली. "पण तो रक्तपेढीचा आहे. माझ्याकडे त्याची पावती..."

"यंत्राला पावती लागत नाही. दुसरं कोण वापरतं तो?"

"गुरव."

मॅडमनी टाइप केलं. तीन नंबरचा मायक्रोस्कोप गुरव यांचा आहे. हिरवी रेघ अशी उसळली की पडद्याची वरची कड ओलांडून गेली.

"अरे बापरे! हा गुरव कोण?"

"आमच्याकडचा नवा टेक्निशियन. लेन्सला बोट लावतो."

"समजलं. आता तुमची हरकत कशी दिसते ते यंत्राला कळलं." मॅडम खुशीत आल्या. "चला, घर."

निळकंठ रेसिडेन्सीमधील तीनशे चार क्रमांकाची सदनिका सुदर्शन मगदूम यांची आहे. सुदर्शन मगदूम यांनी घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर कुणाचं? सुदर्शन यांचं. चाळीस वाक्यं, अकरा मिनिटं. हेमांगीने प्रत्येक वाक्य नीट वाचलं. प्रत्येक वाक्य तिला बरोबर वाटलं.

छापून आलेल्या कागदावर तळाशी एकच ओळ ठळक होती. हरकत आढळली नाही.

*

"चार लाख चौतीस हजार," गाडी चालू करता करता सुदर्शन म्हणाला. "वर तेवढाच दंड. वीस मिनिटं बसायचं होतं फक्त तुला."

तो चिडला होता, पण आवाज चढवणाऱ्यांपैकी तो नव्हता. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा, गिऱ्हाइकाला खुर्ची देऊन बोलणारा माणूस. वीस वर्षांत त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. कधी तिला काही विचारलंही नव्हतं. बासष्ट लाखांच्या त्या घरात चौतीस लाख तिचे होते, पगाराचे आणि जादा पाळ्यांचे. पण फ्लॅट बघायला तो मित्राबरोबर गेला होता. तिला त्याने फोटो पाठवले होते, आणि तिने उत्तर लिहिलं होतं, छान आहे.

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणतोय मुद्दाम? मायक्रोस्कोपला येतं आणि घराला येत नाही, हे आपलं बघून वाटलं मला." सिग्नलला त्याने मान वळवली. "हे बघ हेमा, पंधरा दिवस हातात आहेत. पंधरा दिवस अगदी मनापासून तुझं समज. नंतर आहेच आपलं."

नंतर, म्हणजे खरेदीखताखालचा तो कागद. बक्षीसपत्र. 'माझ्या मालकीची सदनिका मी माझे पती यांस प्रेमापोटी बक्षीस देत आहे.' वकिलानेच सुचवलं होतं, एकाच फेरीत दोन्ही उरकून टाका. बायकोने राहतं घर नवऱ्याला बक्षीस दिलं, तर मुद्रांक लागायचा दोनशे रुपयांचा. सवलतीचे नियम सतरा वेळा बदलले, यंत्रं आली, हा दोनशेचा आकडा मात्र कुणी हलवला नव्हता. दुसऱ्या दिवशी घर देऊन टाकलं तरी चालत होतं. ते घेताना तिला हवंसं वाटलं पाहिजे, एवढीच अट होती.

कागदावर तिची सही अजून झाली नव्हती. सुदर्शनने दोनदा पुढे केला होता. एकदा पोळ्या चालू होत्या, एकदा तिने म्हटलं होतं, तिथेच करेन, साहेबांसमोर.

"काही हरकत नाही," गाडीत ती म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तो शब्द तिला दाताखाली खडा यावा तसा लागला.

*

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. सकाळच्या चहाला सुदर्शन वर्तमानपत्र खाली ठेवायचा आणि घसा खाकरायचा.

"तीनशे चार नंबरचा फ्लॅट सुदर्शन मगदूमचा आहे."

"नाही," हेमांगी म्हणायची.

"जरा चिडून म्हण की."

"नाही!"

"आता कसं! परत. तो फ्लॅट माझा आहे."

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बायकोला नाही म्हणायला शिकवणारा नवरा मी पहिल्यांदाच बघितला. तुझ्या बापाला दाखवायला पाहिजे होतास."

"आक्का, चार लाखांचा प्रश्न आहे."

"मग शिकव बाबा. पण मीठ कमी आहे म्हणालास तर ती आता तुलाच नाही म्हणेल हां."

सगळे हसले. हेमांगीही हसली. पण सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की तो म्हणतो ते वाक्य आता तिला ऐकूही येत नाही. पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं ते. कितीही विचित्र वाक्य रोज ऐकलं की मेंदूला ते ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या गोष्टीला तो हरकत घेत नाही. हे तिला सरावाच्या पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तिने दुपारी रक्तपेढीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि नोंदणी भवनात गेली.

मुल्ला मॅडम डबा खात होत्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. सराव चाललाय ना? सगळ्यांचे नवरे करून घेतात. सरावाने रेघ आणखी सरळ होते."

"मग ती येते कशाने?"

"मी यंत्रवाली. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. मायक्रोस्कोपला का आली?"

हेमांगीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "डावा डोळा माझा कमजोर आहे. मी त्याचं डावं भिंग माझ्या डोळ्याला लावून घेतलंय. दिव्याची उंची ठरवलीय. कोणत्या काचेला किती उजेड, ते मीच ठरवते."

"झालं तर. ज्यातलं काही आपण ठरवलं, त्याला मेंदू खूण लावून ठेवतो. घरात काय ठरवलंत तुम्ही?"

हेमांगीची नजर यंत्राशेजारच्या टोपीकडे गेली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी टोपीत एक केस होता. मेंदीचा."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "सत्तरीच्या बाई होत्या. दोन मुलगे घेऊन आले होते. घर मुलांचं म्हणणाऱ्या पहिल्या वाक्यापासून रेघ अशी उसळली, की मला चाचणी थांबवावी लागली. नवऱ्याबरोबर विटा वाहून बांधलेलं घर विकून हे नवं घेतलं होतं. मुलगे म्हणाले, मशीन बिघडलंय. बाईंनी टोपी उपसून काढली आणि म्हणाल्या, मशीन ठीक आहे. पास झाल्या. एकदम पहिल्या नंबरात."

"मग?"

"मग शेजारच्या खिडकीवर जाऊन घर मुलांना बक्षीस दिलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून नेलं होतं त्यांना."

"त्या खिडकीवर यंत्र नाही?"

"देताना कोण तपासतं, बाई? तुम्ही खोटं घेतलंत तर सरकारचं नुकसान आहे. खोटं दिलंत तर कुणाचं आहे?"

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या, की हेमांगीला क्षणभर नुसतं ऊन लागल्यासारखं झालं. मग कानशिलं तापली.

*

तीनशे चारमधलं सगळं काम झालं होतं, स्वयंपाकघराचा ओटा सोडून. मिस्त्री मल्लाप्पा जमिनीवर पट्टी टेकवून बसला होता.

"बत्तीस इंच घेतोय, वैनी. सगळ्या बिल्डिंगला बत्तीसच आहे."

"काही ह..." हेमांगी म्हणाली आणि थांबली.

ती पाच फूट सात इंच उंच होती. माहेरचा ओटा, सासरचा ओटा, रक्तपेढीतलं टेबल, सगळीकडे ती वाकून उभी राहत आली होती. चाळिशीनंतर कंबर दुखायला लागली तेव्हा तिने पट्टा आणला. ओटा उंच करावा हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ती पट्टी द्या इकडे," ती म्हणाली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात कोपरात वाकवला आणि मल्लाप्पाला मापायला लावलं. एक्केचाळीस. कोपराखाली पाच इंच सोडायचे.

"छत्तीस घ्या."

"विटांचा एक थर वाढणार मग."

"वाढवा."

सोळा वर्षांपूर्वीची एक दुपार तिला तेव्हा आठवली, ग्रॅनाइटच्या कापलेल्या तुकड्यावर बसली असताना. वडील जाऊन दोन महिने झाले होते. दादा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, तासाभराचं काम आहे, एक सही हवी. जुन्या नोंदणी कार्यालयात गर्दी होती. हक्कसोडपत्र दीड पानाचं होतं. 'सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही व माझी कोणतीही हरकत नाही.' तिला घर नको होतं. मागच्या बाजूची एक खोली हवी होती, जिच्या खिडकीत बसून तिने बारावीचा अभ्यास केला होता. नावावर नको, पण आल्यावर उतरायला आपली म्हणून. ते ती गाडीत म्हणणार होती, मग जिन्यात म्हणणार होती, मग रांगेत. साहेबांनी मान वर न करता विचारलं होतं, "हरकत नाही ना, ताई?" ती म्हणाली होती, "नाही." दादाने तिला उसाचा रस पाजला आणि स्टँडवर सोडलं. पुढच्या वर्षी त्या खोलीत दुचाकी लावलेली होती.

त्या कागदालाही मुद्रांक दोनशेचाच लागला होता.

बाईने सोडायचं असलं की दोनशे रुपये. बाईने घ्यायचं असलं की डोक्याला चोवीस बटणं. हा हिशेब तिने सोळा वर्षांत एकदाही मांडला नव्हता, आणि तो कुणी मांडून दिलेलाही नव्हता. मल्लाप्पा विटा रचत होता. हेमांगी पुढचे चार दिवस रोज कामावरून तिथे गेली. बेडरूमचा रंग तिने बदलायला लावला. पूर्वेच्या छोट्या खोलीत खिडकीखाली जाड फळी ठोकून घेतली, कशासाठी ते तिने कुणाला सांगितलं नाही. सुदर्शनने प्रत्येक वेळी फोनवर होकार दिला. "कर, कर. तुझंच समज."

ओटा झाला त्या दिवशी ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. हात ठेवले. पाठ सरळ होती.

*

चाचणीच्या आदल्या दिवशी ती दुपारी घराची किल्ली घेऊन गेली तेव्हा स्वयंपाकघरात विटांचा चुरा पडला होता. मल्लाप्पा हात धूत होता.

ओटा खाली आला होता. पट्टी घेऊन मापायची गरज नव्हती, तरी तिने मापला. बत्तीस.

"साहेबांचा फोन आला होता काल," मल्लाप्पा तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, वैनींना विचारलंय का? म्हणाले, तिची काही हरकत नसते."

तिने सुदर्शनला फोन लावला. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"अगं हो, सांगायचंच राहिलं. आक्काला उंच पडला असता तो. आणि उद्या विकायचा झाला तर छत्तीस इंचाचा ओटा कोण घेतं? तुझं काय, टेस्टपुरतं मन रमायला हवं होतं ना, ते तर झालं की."

"आक्कांना विचारलंत?"

"आक्काला काय विचारायचं?"

हेमांगीने फोन ठेवला. तिला रडू आलं नाही. हे तिने शांतपणे पाहून घेतलं, जसं एखाद्या नमुन्यात काय दिसतं ते पाहावं. राग आला की आपल्याला रडू येतं अशी तिची समजूत होती. या रागात पाणी नव्हतं. तो कोरडा आणि अगदी मोजका होता, विटांच्या एका थराएवढा. चार इंच.

संध्याकाळी आक्का शेंगा सोलताना म्हणाल्या, "ओटा म्हणे मला उंच पडणार. अगं, मी आता ओट्याजवळ उभी राहते तरी कुठं? माझं नाव पुढं करायची सवय आहे त्याला." मग सुनेकडे निरखून बघत म्हणाल्या, "उद्या कुठं जायचंय तुला एवढं तोंड घट्ट मिटून?"

"नोंदणीला," हेमांगी म्हणाली.

*

दुसऱ्या चाचणीला सव्वासहा मिनिटं लागली. चाळीस वाक्यं पुरी होण्याआधीच यंत्र थांबलं. पुढची गरज उरली नव्हती. तीनशे चार क्रमांकाची सदनिका सुदर्शन मगदूम यांची आहे. हेमांगीने पडद्यावर ते वाचलं, आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचण्याआधीच तिच्या आत काहीतरी ताडकन उभं राहिलं.

मुल्ला मॅडमनी छापलेला कागद तिच्या हातात दिला. रेघ उसळून वर गेली होती आणि बराच वेळ खाली आली नव्हती.

"गुरवच्या दुप्पट आहे," त्या हळूच म्हणाल्या. "काय केलंत?"

"मी ओटा बांधला," हेमांगी म्हणाली. "त्यांनी पाडला."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. टोपी हातात घेऊन त्या एकेक बटण पुसू लागल्या.

बाहेर सुदर्शनने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "शाबास! म्हटलं नव्हतं, जमेल तुला?" त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. आत खरेदीखताची नोंदणी झाली. लिहून घेणार म्हणून हेमांगी सुदर्शन मगदूम. तिने सही केली, अंगठा लावला, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघितलं. शुल्काच्या रकान्यात शून्य छापलं गेलं.

"आता शेजारी," सुदर्शन म्हणाला. फोल्डरमधून त्याने खालचा कागद वर घेतला. दोनशेचा मुद्रांक आधीच भरलेला होता. "पाच मिनिटांचं काम. मग उडप्याकडे जाऊ, आक्काला पण बोलावू."

शेजारच्या खिडकीवर यंत्र नव्हतं. एक टेबल, एक संगणक, सकाळपासून तेच तेच विचारून कंटाळलेले साहेब. त्यांनी कागद घेतला, दोघांची ओळखपत्रं बघितली आणि एका दमात वाचून दाखवायला सुरुवात केली. "...सदर सदनिका प्रेमापोटी, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझे पती यांस कायमची बक्षीस देत आहे..."

सुदर्शनने पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. हेमांगीने ते घेतलं नाही. काचेपलीकडे मुल्ला मॅडमच्या खोलीत कुणीतरी दुसरी बाई टोपीखाली बसली होती, हात मांडीवर, नजर पडद्यावर. तिचा नवरा बाकावरून अंगठा दाखवत होता.

"...व भविष्यात मी अथवा माझे वारस यास हरकत घेणार नाही." साहेबांनी कळफलकावर बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, "हरकत नाही ना, ताई?"

"नाही, नाही," सुदर्शन म्हणाला. "तिची कसली हरकत?"

"बाईंनी सांगायला लागतं."

"सांग की," सुदर्शन हसून म्हणाला. "सरावच आहे तुला."

सोळा वर्षं एक शब्द गाडीत, जिन्यात आणि रांगेत थांबलेला होता. हेमांगीने पाठ सरळ केली.

"आहे," ती म्हणाली.

साहेबांचं बोट थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "काय म्हणालात?"

"हेमा, अगं, इथं नको आता..."

तिने सुदर्शनकडे बघितलं, मग साहेबांकडे, आणि शेजारच्या खोलीतल्या बाईलाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "हरकत आहे, साहेब. माझी हरकत आहे. घर माझं आहे, आणि मी ते देणार नाही."